काम गेलं व्हिएतनामला, आम्ही गेलो ‘स्वेच्छेने’

लई दिवसांनी लिहायलोय. दिवाळीपासून इकडं फिरकलोच नाही, दोघा-तिघांनी मेसेज करून विचारलं की दादा ब्लॉग बंद केला का, तर ब्लॉग बंद नाही केला, कंपनी बंद झाली. म्हणजे कंपनी बी तशी बंद नाही, गेट आहे, वॉचमन आहे, एचआरवाल्यांची गाडी रोज येते, फक्त आमची लाईन गेली. संभाजीनगरजवळच्या वाळूजवरून थेट व्हिएतनामला. कंपनीचं नाव लिहीत नाही, सही करताना जो गठ्ठा पुढं ठेवला त्यात एक कागद असा बी होता की बाहेर काही बोलायचं नाही, आणि माझ्या फुल अँड फायनलचा, म्हणजे शेवटच्या हिशोबाच्या पैशांचा, शेवटचा हप्ता अजून यायचाय.

नवीन वाचणाऱ्यांसाठी सांगतो, मी वायर हार्नेसच्या लाईनवर क्रिम्पिंग ऑपरेटर होतो, बावीस वर्षं. हार्नेस म्हणजे गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो ना तो. वायरच्या टोकाला टर्मिनल दाबून बसवायचं, प्रेस खाली आली की कट्ट, झालं. ऐकायला सोपं आहे पण त्या दाबलेल्या टर्मिनलची उंची मायक्रोमीटरनं मोजावी लागते, केसभर जास्त राहिली तर वायर ओढली की सटकन निघते, केसभर कमी झाली तर आतल्या तारा चेंगरून तुटतात. मग पुल टेस्टला, म्हणजे वायर ओढून बघतात तेव्हा, ते उघडं पडतं. नवीन पोरगं आलं की मी त्याला म्हणायचो मायक्रोमीटर नंतर, आधी कानानं ऐक, बरोबर बसलेल्याचा आवाज वेगळा असतो. हसायची पोरं. सहा महिन्यांनी त्यांनाच ऐकू यायचं.

माल सगळा एक्सपोर्टचा. गिऱ्हाईक तिकडचं, भाव बी तिकडनंच ठरायचा, मग एक दिवस तिकडनंच ठरलं की हे काम आता व्हिएतनामला करायचं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. जूनमधे तिकडची सहा पोरं आली ट्रेनिंगला, तीन आठवडे राहिली, आम्हाला सांगितलं की दुसरा प्लांट चालू व्हायलाय, कपॅसिटी वाढतेय. मीच शिकवलं त्यांना. माझ्या हातांचे व्हिडिओ काढले मोबाईलवर, चेहरा नाही, नुसते हात. पोरं चांगली होती, कॅन्टीनमधे ठेचा मागून मागून खायची आणि डोळ्यातून पाणी आलं तरी परत मागायची. त्यांच्यावर राग काढून काय करायचं.

ऑगस्टमधे पेट्या आल्या, लाकडाच्या, माणूस आत बसंल एवढ्या. प्रत्येक पेटीवर गव्हाच्या लोंबीसारखं चित्र आणि आयएसपीएम १५ असा शिक्का. स्टोअरवाल्याला विचारलं हे काय, तर म्हणला लाकूड देशाबाहेर जायचं तर आधी त्याला उष्णता देऊन किडे मारावे लागतात, त्याचा हा शिक्का, हा नसला तर तिकडच्या बंदरावर पेटी अडवतात. म्हणजे बघा, लाकडाचं बी काय करायचं हे नियमात लिहिलंय. तेव्हा कळलं की कपॅसिटी वाढत नाही, आपलंच सामान चाललंय.

माझी प्रेस मीच पुसली, गंज लागू नये म्हणून तो तेलकट कागद गुंडाळला, चारी बोल्ट आवळले. तिच्या मागच्या अंगाला ॲल्युमिनियमची एक पट्टी होती, इंग्रजीत, अमेरिकेतल्या कुठल्यातरी प्लांटचा नंबर. ही प्रेस २००४ ला आमच्याकडं सेकंडहँड आली होती, मी तेव्हा लागून एकच वर्ष झालं होतं. रंगाचे तीन हात चढले त्या पट्टीवर, एकवीस वर्षं पाठीमागं होती ती पण कधी डोक्यात आलं नाही की तिथं बी कुणीतरी असंच फडकं घेऊन पुसली असंल आणि तो कुठं गेला असंल.

भाचा आहे माझा मिशिगनला, गाड्यांच्या कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याला रविवारी फोनवर हे पट्टीचं सांगितलं. तो म्हणला मामा, इकडं अशा लोकांसाठी एक वेगळा कायदाच होता. मला वाटलं सांगतोय काहीतरी. मग त्यानं पाठवलेलं वाचत बसलो, आठ दिवस तेच चालू होतं, बायको म्हणायची स्वतःचे कागद सोडून अमेरिकेचे काय वाचायलात.

तर तिकडं ट्रेड ॲडजस्टमेंट असिस्टन्स म्हणून योजना होती, सगळे टीएए म्हणतात. सुरुवात १९६२ ची, केनेडींच्या काळातली, मग १९७४ च्या व्यापार कायद्यात तिला नीट बसवलं. मला आवडलेली गोष्ट ही की तिथं प्रश्नच वेगळा विचारायचे. तुमची नोकरी का गेली? काम परदेशात गेलं का, की बाहेरचा स्वस्त माल आला म्हणून इथलं बंद पडलं? आणि हे विचारायला लावायचा हक्क कामगाराला, कुठलेही तीन कामगार मिळून अर्ज करू शकत होते, युनियन पाहिजेच असं नाही, कंपनीची परवानगी तर नाहीच नाही. अर्ज आला की त्यांचं कामगार खातं चौकशी करणार, कंपनीकडून आकडे मागवणार, आणि खरंच काम बाहेर गेलंय असं निघालं तर त्या तिघांनाच नाही, त्या लाईनच्या सगळ्यांना दाखला.

दाखला मिळाला की नवीन काम शिकायचा खर्च, आणि शिकत असताना घर चालायला दर आठवड्याला भत्ता, त्यांचा नेहमीचा बेकारी भत्ता धरून १३० आठवड्यांपर्यंत. अडीच वर्षं होतात ती. दुसऱ्या गावाला नोकरी शोधायला जायचं तर त्याचे पैसे, बिऱ्हाड हलवायचं तर त्याला बी मदत. आणि पन्नाशीच्या पुढच्यांसाठी एक सोय होती ती वाचून मी चष्मा काढून ठेवला. पन्नाशीच्या माणसाला नवीन नोकरी मिळते पण पगार पडतो, तर जुना पगार आणि नवा पगार यातल्या फरकाचा अर्धा भाग सरकार देणार, दोन वर्षं, दहा हजार डॉलरपर्यंत. नवीन पगार वर्षाला पन्नास हजार डॉलरच्या आत पाहिजे एवढी अट. मी सत्तेचाळीसचा आहे. एकतीस हजारांवरून चिकलठाण्यातल्या एका छोट्या वर्कशॉपमधे साडेसोळावर आलोय, बारा तासांची शिफ्ट. कुणाला तरी हे लिहिताना सुचलं होतं की म्हाताऱ्या ऑपरेटरचा पगार पडतो, एवढंच बघून बरं वाटलं.

पण लगेच अमेरिका अमेरिका करू नका. तिथं बी पहिली सात वर्षं, म्हणजे १९६९ उजाडून संपायला आलं तोवर, एकाही अर्जाला मंजुरी मिळाली नव्हती, सिद्ध करायच्या अटीच तेवढ्या कडक होत्या. तिथले युनियनवाले ह्याला अंत्यविधीचा विमा म्हणायचे, म्हणजे आधी मारा मग तिरडीचे पैसे द्या. आणि १ जुलै २०२२ पासून नवीन अर्जांना दाखला देणंच बंद झालंय, संसदेनं मुदत वाढवली नाही. युरोपात असाच एक फंड आहे, २००७ पासून, तो चालू आहे, पण तो सरकारांमार्फत जातो आणि साधारण दोनशे माणसांची नोकरी जावी लागते.

आता आपल्याकडचं. आपल्याकडं काहीच नाही असं मी म्हणणार नाही, हे म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा वाचलेलं नसतं. आहे, बरंच आहे, फक्त ते आमच्यापर्यंत यायच्या रस्त्यात एक शब्द बसलेला आहे.

सप्टेंबरच्या शेवटी आम्हाला एकेकाला कॅन्टीनमधे बोलावलं. जिथं ताटं ठेवायचो त्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाची फाईल, सही कुठं करायची तिथं पिवळे स्टिकर लावलेले, पेन बी कंपनीचा. वरच्या कागदावर मराठीत टाईप केलेलं, “मी माझ्या स्वेच्छेने, कोणत्याही दबावाशिवाय, स्वेच्छानिवृत्ती योजनेचा लाभ घेत आहे.” एचआरच्या मॅडम चांगल्याच बोलल्या, खोटं नाही बोलणार, म्हणल्या दादा महिनाअखेरपर्यंत सही केली तर नऊ लाख आणि ग्रॅच्युइटी वेगळी, नंतर मग कायद्यानं जे बसतं ते. कायद्यानं किती बसतं ते मी आदल्या रात्री कॅलेंडरच्या मागं काढून ठेवलं होतं. भरलेल्या प्रत्येक वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, बावीस वर्षांचे ३३० दिवस, म्हणजे अकरा पगार, तीन लाख एक्केचाळीस हजार. एकीकडं नऊ, एकीकडं साडेतीनच्या आत. तुम्ही काय केलं असतं. ग्रॅच्युइटीचं बी सांगून ठेवतो कारण लई जण त्यात फसतात, ती पूर्ण पगारावर नसते, बेसिक आणि डीएवर असते. माझं बेसिक-डीए १८,२००, त्याला सव्वीसनं भागायचं, ७०० आले, गुणिले पंधरा, गुणिले बावीस, दोन लाख एकतीस हजार. कंपनीच्या कागदावर पाच हजार कमी होते, दाखवल्यावर मॅडमनी दुरुस्त केलं.

आमच्यातल्या एकानं सही केली नाही. त्याला आठ दिवसांत तमिळनाडूच्या प्लांटला बदलीची ऑर्डर आली. घरी म्हातारी आई, दोन एकर कोरडवाहू, पोरगं दहावीला. त्यानं चौथ्या दिवशी येऊन सही केली, स्वेच्छेने.

मी सही केली तेव्हा मला त्या शब्दाचं काही वाटलं नव्हतं, फॉर्मवर असतंच असं काहीतरी. नंतर कळत गेलं. आपल्या कायद्यात रिट्रेंचमेंट म्हणजे कामगार कपात म्हणजे काय ह्याची व्याख्या आहे, आमच्या सह्या झाल्या तेव्हा ती १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती, आणि त्यातच लिहिलं होतं की स्वेच्छानिवृत्ती कपातीत धरायची नाही. मोठ्या कारखान्याला कपात करायची किंवा टाळं लावायचं तर आधी सरकारची परवानगी लागते, केंद्राच्या जुन्या कायद्यात ही रेघ शंभर कामगारांवर होती, आता नव्या औद्योगिक संबंध संहितेत तीनशेवर नेलीय. परवानगी मागायची म्हणजे कारण सांगायचं, सुनावणी, कामगारांचं म्हणणं, सगळं आलं. सह्या घेतल्या की ह्यातलं काहीच करावं लागत नाही. म्हणजे सरकारच्या वहीत बघाल तर वाळूजच्या त्या प्लांटमधून एकाही माणसाची नोकरी गेलेली नाही. काही लोक आपणहून घरी गेले, बस. मग कुठल्या योजनेचा हिशोब कुणासाठी लावणार. कुणी फसवलं असं मी म्हणत नाही, पैसे आम्हाला जास्तच मिळाले, पण त्या जास्तीच्या पैशात त्यांनी आमच्याकडून नोकरी नाही घेतली, नोकरी तशीबी जाणारच होती, त्यांनी नोकरी गेल्याचा पुरावा विकत घेतला.

आता ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचं बघा. तिथं दोन योजना आहेत. एक राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना, १ एप्रिल २००५ पासून. कारखाना बंद पडला किंवा कपात झाली तर भत्ता, दोन वर्षांपर्यंत, तेवढ्या काळात घरच्यांना दवाखाना, आणि नवीन काम शिकायची फी बी ईएसआय भरणार. म्हणजे टीएएचाच आपला बारका भाऊ म्हणा, फक्त काम परदेशात गेलं की अजून कुठं हे कुणी विचारत नाही. दुसरी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना, २०१८ ला आली, कोरोनात तिचा भत्ता वाढवला, आता सरासरी रोजच्या मजुरीच्या निम्मे, जास्तीत जास्त नव्वद दिवस, आयुष्यात एकदाच. मुदत वाढवत वाढवत चालू ठेवलीय. ह्या दुसरीला कपातच पाहिजे असं नाही, पण गैरवर्तनानं काढलेला, रिटायर झालेला आणि स्वेच्छानिवृत्ती घेतलेला चालत नाही. आला परत तोच शब्द.

आणि तो शब्द नसता तरी मला मिळालंच नसतं, कारण ईएसआयची पगाराची मर्यादा २१,०००, जानेवारी २०१७ पासून तेवढीच आहे, हललीच नाही. आम्ही परमनंटवाले सेटलमेंटमधे पगार वाढला म्हणून पेढे वाटले आणि त्याच पगारवाढीनं ईएसआयच्या बाहेर गेलो. तेव्हा कुणाच्या लक्षात बी आलं नाही, उलट वाटलं पगारातून कापायचं थांबलं.

मग ईएसआयमधे राहिलं कोण? कंत्राटी. आमच्या लाईनवर बोर्डवर बसणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका ठेकेदाराच्या होत्या, आणि खरं सांगायचं तर ह्या सगळ्या कहाणीत सगळ्यात स्वस्तात त्यांना वाटेला लावलं. ना नऊ लाख, ना फाईल, ना पिवळे स्टिकर. शनिवारी सुपरवायझरनं सांगितलं सोमवारपासून येऊ नका, ठेक्याची मुदत संपली. ठेक्याची मुदत संपली म्हणजे ही बी कपात नाही, बरं का.

त्यातली एक ताई आहे, भोकरदनकडची, रांजणगाव शेणपुंजीला एका खोलीत राहते, नवरा हमालीला जातो. सात वर्षं बोर्डवर होती. बोर्ड म्हणजे फळीवर हार्नेसचा नकाशा चिकटवलेला असतो, त्यावर खुंट्या, एकेक वायर खुंटीतून फिरवत न्यायची आणि टेप मारायचा. ती ताई नकाशाकडं बघायचीच नाही, बोटंच जायची. तिला म्हणलं तुझं अटलचं बसतं, चल अर्ज करू. नोकरी गेल्यावर तीस दिवसांनी करता येतो. माझ्या पोरीच्या लॅपटॉपवर बसलो, आधार टाकलं, विमा नंबर टाकला, आणि आलं की ती पात्र नाही.

आता हे नीट वाचा, कारण तुमच्या ओळखीत कुणी कंत्राटी असंल तर कामाला येईल. ह्या योजनेला नोकरी जायच्या आधी सलग दोन वर्षं विमा असलेलं काम पाहिजे. शिवाय ईएसआयचं वर्ष दोन तुकड्यात असतं, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च, तर शेवटच्या तुकड्यात कमीत कमी ७८ दिवसांचं काँट्रिब्युशन पाहिजे आणि त्याच्या आधीच्या तिन्हीपैकी एका तुकड्यात अजून ७८. ताईचे दिवस तर भरपूर होते, खाडे तिनं केलेच नव्हते, बाळंतपणानंतर बी दीड महिन्यात हजर. पण एप्रिलमधे ठेकेदार बदलला होता. माणसं तीच, बोर्ड तोच, सुपरवायझर तोच, फक्त पगार स्लिपवरचं नाव बदललं. नव्या ठेकेदारानं तिचा जुना विमा नंबर न घेता नवीनच नंबर काढला. त्यामुळं कॉम्प्युटरच्या हिशोबानं ती सहा महिन्यांपूर्वी लागलेली नवीन बाई. सात वर्षांची बाई जुन्या नंबरात बसलेली.

म्हणून आम्ही दोन वेळा ईएसआयच्या ऑफिसला गेलो. पहिल्यांदा जेवायची सुट्टी होती, दुसऱ्यांदा खिडकीवरचा माणूस चांगला भेटला. त्यानं दोन्ही नंबर टाकून बघितले, स्क्रीन वळवून आम्हाला दाखवली, म्हणला हे बघा दोन्हीकडं जन्मतारीख सारखी आहे, पण जुन्यावर नवऱ्याचं नाव आहे आणि नव्यावर वडलांचं, म्हणून जोडलं जाईना. अर्ज द्या, आधार, बँक पासबुक, जुन्या ठेकेदाराची एखादी तरी स्लिप आणा, नंबर एक होतील मग दावा टाका. स्लिप! सात वर्षांत तिनं एकच जपून ठेवली होती, ती बी पोराच्या शाळेच्या दप्तरात, मागच्या बाजूनं पाढे लिहिलेली. त्यानं हसून घेतली. मिळाले तर एकवीस हजारांच्या आसपास मिळतील तिला, नव्वद दिवसांचे. खोलीचं भाडं तीन हजार आहे.

कुणी म्हणेल एवढ्यासाठी एवढी धावपळ. पण मला दुसरीच गोष्ट खुपते. सरकारला हे जमत नाही असं नाही, पूर्वी केलेलं आहे. कापड गिरण्या धडाधड बंद पडायला लागल्या तेव्हा १९८६ ला बंद खाजगी गिरण्यांच्या कामगारांसाठी पुनर्वसन निधी काढला होता, पहिल्या वर्षी पगाराच्या पंचाहत्तर टक्क्यांच्या हिशोबानं मदत, दुसऱ्या वर्षी पन्नास, तिसऱ्या वर्षी पंचवीस. तेव्हा बी कागदांचा त्रास झालाच असंल, पण निदान सरकार असं तर म्हणत होतं की एक अख्खा धंदा बसलाय आणि ह्या माणसांची त्यात चूक नाही. २०१७ ला ती योजना मघाशी सांगितलेल्या राजीव गांधी योजनेत मिसळून टाकली. आमच्या नांदेडच्या मामांना गिरणीचं विचारलं की ते अजून भोंग्याची वेळ सांगतात, पैशांचं विचारलं की विषय बदलतात.

आणि नव्या कायद्यात बी एक गोष्ट आलीय खरी. कपात झालेल्या कामगारासाठी कौशल्य निधी, मालकानं प्रत्येकामागं पंधरा दिवसांचा पगार त्यात भरायचा आणि कपातीनंतर पंचेचाळीस दिवसांत तो कामगाराच्या खात्यात. चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाल्या. आमच्या सह्या दिवाळीच्या आधीच्या. आणि दोन महिने उशिरा झाल्या असत्या तरी काय, तिथं बी ‘कपात झालेला’ असंच लिहिलंय. पंधरा दिवसांच्या पगारात कुठलं कौशल्य येतं हा वेगळा विषय. आपल्या इथं इंडो जर्मन टूल रूम आहे, चांगली आहे, आमच्यातला एक तिशीतला पोरगा तिथं सीएनसीचा कोर्स करायलाय, त्याच्या बापानं फी भरली. पण सत्तेचाळीसच्या माणसानं कोर्स करायचा तर तेवढे महिने घरात काय शिजवायचं? अमेरिकेवाल्यांनी शिकायची फी आणि घरखर्च एकत्र धरला होता, मुद्दा तिथंच आहे, नुसती फी देऊन भागत नाही.

सगळे म्हणतात बिडकीनला कंपन्या येऊन राहिल्या, टोयोटाचा करार झाला २०२४ ला, वीस हजार कोटींचा आकडा पेपरात आला, स्कूटरवाले एथर येणार म्हणले. येऊ द्या, आनंदच आहे, माझा पुतण्या आयटीआय करतोय त्याच्यासाठी देव पाण्यात ठेवलेत. पण मी एका भरतीच्या रांगेत उभा राहून आलोय, दुसऱ्याच कंपनीच्या, पोराच्या वयाची सगळी. पुढच्यानं मागं वळून विचारलं काका कुणाला सोडायला आलात का. मी म्हणलं हो.

नऊ लाखांचं काय झालं हे सगळे विचारतात म्हणून एकदाच लिहितो. तीन गेले घराच्या कर्जात, अडीच पोरीच्या इंजिनिअरिंगला बाजूला काढले, एक भावाला बोअरसाठी दिला जो परत येणार नाही, बाकी पोस्टात. पतसंस्थेत नाही ठेवले, तिथं लोकांचे पैसे कसे अडकले ते संभाजीनगरच्या माणसाला सांगायला नको. आमच्यातल्या दोघांनी जिल्हा उद्योग केंद्रातून पीएमईजीपीचा, म्हणजे धंदा टाकायला सबसिडीवालं कर्ज देणाऱ्या सरकारी योजनेचा, अर्ज केलाय, एकाला पिठाची गिरणी टाकायचीय, एकाला पत्रावळीचं मशीन. ओपनवाल्याला स्वतःचे दहा टक्के घालावे लागतात, खेड्यात केलं तर पंचवीस टक्के सबसिडी, शहरात पंधरा. बँकेत फाईल पडलीय. गिरणीवाल्याला मॅनेजर म्हणला अनुभव काय, तर तो म्हणला एकोणीस वर्षं हार्नेसचा. मॅनेजरनं विचारलं हार्नेस म्हणजे बैलाचं का.

सह्या करून झाल्यात त्यांना आता काही सांगून उपयोग नाही, पण ज्यांच्या कंपनीत परदेशातली पोरं ट्रेनिंगला आलीत आणि कपॅसिटी वाढतेय असं सांगितलंय, त्यांनी आजच यूएएनवरचं, म्हणजे पीएफच्या नंबरावरचं, नाव आधारसारखं आहे का बघा, विमा नंबर एकच आहे का बघा, स्लिपांचे फोटो काढून ठेवा, आणि कंत्राटी बायकांना बी बसवून दाखवा, त्यांना कुणी दाखवत नाही. फाईल पुढं आली तर एकट्यानं कॅन्टीनमधे जाऊ नका, सगळे मिळून जा, आणि नऊ लाखांच्या कागदावर ‘स्वेच्छेने’च्या जागी ‘उत्पादन परदेशी हलवल्यामुळे’ लिहा म्हणून एकदा मागून तरी बघा. देणार नाहीत. पण का देत नाहीत ते त्यांना तोंडानं सांगू द्या.

उद्या गुरुवार, वर्कशॉपला सुट्टी टाकलीय, अर्ध्या दिवसाची मिळत नाही म्हणून पूर्ण टाकली. ताईला सकाळी साडेनऊला कामगार चौकात बोलावलंय. तिला सांगून ठेवलंय, आधारची ओरिजिनल आण, पासबुकाच्या दोन झेरॉक्स, लग्नाचा दाखला असंल तर तो, आणि पाण्याची बाटली, कारण ईएसआय ऑफिसातला कूलर बंद आहे.